ताल कुणाचा, खर्च कुणाचा?

अमेरिकेत दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस महाविद्यालयांना सुट्या लागल्या, की काही हजार तरुण-तरुणी आपापले बोचके बांधून 'ड्रम कोअर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाद्यपथकांत दाखल होतात. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांना घर दिसत नाही. एकेका मोठ्या पथकात दीडशेच्या आसपास मुले-मुली असतात. काहींच्या हाती पितळी सुषिर वाद्ये, काहींच्या हाती निशाणे आणि उरलेल्यांच्या अंगावर ढोल. फुटबॉलच्या मैदानावर चालत, धावत, नाना आकृत्या रचीत अकरा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम ही पथके संपूर्ण उन्हाळाभर गावोगाव सादर करतात, आणि त्या एका कार्यक्रमाच्या सफाईवर त्यांची परस्परांत स्पर्धा चालते. वादकांना वेतन नसते. विजेत्या पथकातील मुलालाही रोख बक्षीस मिळत नाही. उलट या उन्हाळ्यासाठी प्रत्येकाला काही हजार डॉलर शुल्क स्वतःच भरावे लागते. श्रम करणाराच श्रमाची किंमत मोजतो, असा हा व्यवहार अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. म्हणूनच तो बारकाईने तपासून पाहण्याजोगा आहे.

या श्रमाचे स्वरूप काय, हे समजून घ्यायचे, तर तालवाद्य विभागाचा दिवस पाहावा. आदल्या रात्री एका गावातील कार्यक्रम आटोपून निघालेल्या बसगाड्या रात्रभर धावून पहाटेच्या सुमारास दुसऱ्या गावातील एखाद्या शाळेच्या आवारात येऊन थांबतात. बसमध्ये बसल्या बसल्या अर्धवट झोपलेली मुले खाली उतरतात आणि शाळेच्या व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर पथारी पसरून आणखी तीन-चार तास झोप घेतात. सकाळी सर्वांना एकाच वेळी उठवले जाते. पथकाबरोबर फिरणाऱ्या मालमोटारीतच स्वयंपाकघर असते. दिवसातून चार वेळा दीडशे-दोनशे माणसांचे अन्न तेथे शिजते. वाढणारे हात बहुधा सभासदांच्या आईवडिलांचे किंवा पूर्वी कधीकाळी पथकात वाजवलेल्या माणसांचे असतात आणि त्यांनाही मोबदला नसतो. न्याहारी झाली, की प्रत्येकजण जवळजवळ पावणेचार लिटर पाणी मावणारा कॅन भरून घेतो. तो दिवसातून कित्येकदा रिकामा होतो.

नंतर तालवाद्यांचा गट बाजूला निघतो. मरिंबा, व्हायब्रफोन, टिंपनी यांसारखी जड वाद्ये मैदानाच्या पुढच्या कडेला मांडली जातात. १९८० च्या दशकाच्या आरंभापासून ती एका जागी ठेवून वाजवण्याची मुभा मिळाली आहे. अंगावर वाद्य बांधून चालणाऱ्यांचा गट मात्र एखाद्या झाडाच्या सावलीत, आणि सावली नसेल तर गाड्या उभ्या करण्याच्या डांबरी पटांगणावर, अर्धवर्तुळ करून उभा राहतो. आठ-नऊ जण स्नेअर ड्रमचे, चार-पाच जण प्रत्येकी पाच-सहा ढोलक्यांचा संच वागवणारे टेनरवादक आणि पाच जण लहानापासून प्रचंडापर्यंत चढत्या आकाराच्या बेस ड्रमचे. टेनरचा संच आणि तो खांद्यावर पेलणारा सांगाडा यांचे वजन पंधरा-वीस किलोच्या घरात जाते. ते ओझे घेऊन हा वादक दिवसाचे कित्येक तास चालतो, मागे सरकतो, खेकड्यासारखा तिरपा धावतो. कमरेवरचा भाग मात्र त्याने जणू पायांशी संबंधच नसल्यासारखा स्थिर ठेवायचा असतो.

पहिला तास-दीड तास एकही 'संगीत' वाजत नाही. उजव्या हाताचे आठ आघात, डाव्या हाताचे आठ आघात, पुन्हा उजव्या हाताचे आठ. ध्वनिवर्धकावर लावलेला मात्रामापक टकटक करीत असतो. काठी कातड्यापासून किती इंच वर उचलायची, हेही ठरलेले असते. तीन इंच म्हणजे हळू, बारा इंच म्हणजे जोरदार. आठ जणांच्या आठ काठ्या एकाच उंचीवरून एकाच क्षणी पडल्या, तर श्रोत्याला एकच ढोल ऐकू येतो. एखाद्याची काठी निमिषभर मागे पडली, तर तेथे जो बारीकसा तडा ऐकू येतो, तो शिक्षकाच्या कानातून सुटत नाही. मग तोच तुकडा दहा वेळा, वीस वेळा, पन्नास वेळा. बोटांना फोड येतात, त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली जाते, आणि काम पुढे चालू राहते.

बेस ड्रमच्या पाच वादकांची गोष्ट याहून उद्बोधक आहे. स्नेअरवादक सारे मिळून एकच ओळ वाजवतात. बेसवाले एकच ओळ आपसांत वाटून घेतात. एका मात्रेचे चार-सहा तुकडे, आणि त्यांतला एकेक तुकडा एकेकाचा. चौथ्याच्या वाट्याला आलेला आघात एकटा वाजवून दाखवला, तर त्याला काहीच अर्थ नसतो. तिसऱ्याच्या नंतर आणि पाचव्याच्या आधी, नेमक्या त्या फटीत तो पडला, तरच त्याचे संगीत होते. श्रमविभागणीचे तत्त्व ॲडम स्मिथने टाचणीच्या कारखान्याच्या दाखल्याने १७७६ मध्ये समजावून दिले. तेथे श्रमविभागणीचा हेतू उत्पादन वाढवणे हा होता. येथे पाच माणसे मिळून जे करतात, ते एका माणसाला कितीही वेळ दिला तरी करता येणारे नाही. दुसऱ्याचा आघात ऐकण्यापूर्वीच त्याचा अंदाज घेणे, हे या मुलांचे खरे शिक्षण होय.

दुपारी संपूर्ण पथक मैदानावर एकत्र येते, तेव्हा या शिक्षणाची दुसरी परीक्षा सुरू होते. फुटबॉलचे मैदान सुमारे ९१ मीटर लांब. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला पाव सेकंदाहून अधिक काळ लागतो. मिनिटाला १८० ठोक्यांच्या द्रुत लयीत एक मात्राच सेकंदाचा तिसरा हिस्सा असते. तेव्हा पलीकडच्या टोकाचे ऐकून जो आपले वाद्य वाजवील, तो जवळजवळ एक मात्रा मागे राहील. यावर उपाय असा, की ढोलवाल्यांचा गट शक्यतो मैदानाच्या मध्यावर, मागच्या बाजूस ठेवायचा आणि इतरांनी मागून येणाऱ्या तालाशी जुळवून घ्यायचे. तो ताल पुढे सरकताना वाटेतल्या सर्वांना बरोबर घेत प्रेक्षकांपर्यंत पोचतो. अर्थात ज्यांच्यावर सारे विसंबतात, त्या ढोलवाल्यांना स्वतः कुणावर विसंबण्याची सोय राहत नाही. त्यांनी निर्देशकाचा हात पाहायचा, आपली पावले सांभाळायची, आणि कानांवर पडणारे पुष्कळसे संगीत ऐकूनही न ऐकल्यासारखे करायचे.

संध्याकाळी पथक स्टेडियमकडे निघते. आत जाण्यापूर्वी बाहेरच्या पटांगणावर तालवाद्यांचा गट हात मोकळे करून घेतो. तेथे रसिकांची गर्दी उसळते. अनेकांना आतल्या कार्यक्रमाइतकेच हे बाहेरचे वादन प्रिय असते. मग गणवेश, प्रवेश, अकरा-बारा मिनिटांचे सादरीकरण, परीक्षकांचे गुण. रात्री वाद्ये मालमोटारीत चढवायची, काही खायचे, बसमध्ये बसायचे. पहाटे आणखी एखाद्या गावची व्यायामशाळा. कपडे धुण्यासाठी मिळालेला अर्धा दिवस हा सण समजला जातो. हजारो मैलांच्या या फिरतीची अखेर २००९ पासून इंडियानापोलिस येथील अंतिम स्पर्धेत होत आली आहे. एकवीस-बावीस वर्षांची वयोमर्यादा गाठलेल्यांसाठी ती रात्र कायमच्या निरोपाची असते.

यावर दोन ठरीव मते ऐकू येतात. पहिले असे, की ही निव्वळ पिळवणूक आहे. मुलांकडून बारा-बारा तास राबवून घ्यायचे आणि वर त्यांच्याकडूनच पैसे घ्यायचे. दुसरे असे, की यातून चारित्र्य घडते, शिस्त लागते, म्हणून किंमत विचारूच नये. दोन्ही मते अपुरी आहेत. पहिल्यात मुलांच्या निवडीचा अनादर आहे. या पथकांत प्रवेश मिळवण्यासाठी चाचणीला रांगा लागतात, आणि निवड न झालेली मुले पुढल्या वर्षी पुन्हा येतात. दुसऱ्या मतात त्याहून मोठा दोष आहे. एखादी गोष्ट हितकर आहे, म्हणून ती कुणाला परवडते हा प्रश्न गैरलागू ठरत नाही. उलट ती जितकी हितकर, तितका तो प्रश्न अधिक महत्त्वाचा.

मूळची परिस्थिती अशी नव्हती. या पथकांचा उगम पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात सापडतो. 'अमेरिकन लीजन' आणि 'व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स' या माजी सैनिकांच्या संघटनांच्या गावोगावच्या शाखा, त्याचप्रमाणे चर्चचे परगणे, आपापल्या वस्तीतील मुलांची पथके चालवीत. न्यू जर्सीतील गारफील्ड या लहानशा गावात १९३४ मध्ये स्थापन झालेले 'होली नेम कॅडेट्स' हे अशाच चर्चच्या आश्रयाने उभे राहिलेले पथक. गणवेश, वाद्ये यांचा खर्च मुख्यतः शाखा किंवा चर्च करी, लोकवर्गणीतून आणि बिंगोच्या खेळांतून पैसा उभा राही, आणि कारखान्यातील कामगाराचा मुलगा घरून चालत सरावाला येई. वादन आजच्या मानाने ओबडधोबड असेल. परंतु ढोल वस्तीचा होता.

माजी सैनिकांच्या संघटनांनी घालून दिलेले स्पर्धेचे नियम आणि मानधनाच्या अटी प्रमुख पथकांना जाचू लागल्या, तेव्हा त्यांनी १९७१ मध्ये वेगळी चूल मांडली. तीच 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ही संघटना. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे झाली. पथकांची तक्रार रास्त होती आणि स्वातंत्र्याचा कलेला लाभही झाला. आज जे ऐकायला मिळते, ते पन्नास वर्षांपूर्वी कुणाच्या कल्पनेतही नव्हते. परंतु राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धेला राष्ट्रीय पातळीवरची फिरती लागते. फिरतीला बसगाड्या, मालमोटारी, इंधन आणि विमा लागतो. गुणांच्या चढाओढीसाठी संगीतरचनाकार, कवायतरचनाकार आणि प्रत्येक वाद्याचे स्वतंत्र शिक्षक लागतात. २००४ पासून ध्वनिवर्धनाला आणि २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी मिळाली, त्यांची भर वेगळीच. वस्तीतल्या लहान पथकांना हे झेपले नाही. एकेकाळी शेकड्यांनी मोजली जाणारी तरुणांची पथके आता काही डझनांवर आली आहेत.

या घडामोडीचे मर्म विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच दाखवून ठेवले होते. कारखान्यात यंत्रे सुधारली, की तेवढ्याच माणसांकडून अधिक माल निघतो आणि वेतनवाढ त्यातून भागते. चार वादकांच्या संगीतरचनेला मात्र दोनशे वर्षांपूर्वी चार वादक लागत, आजही चारच लागतात, आणि ती निम्म्या वेळात आटोपता येत नाही. सर्वत्र वेतने वाढली, की प्रयोगकलेचा खर्च उत्पन्नाहून अधिक वेगाने वाढत जातो. ही तूट अनुदानाने, देणग्यांनी किंवा तिकिटांच्या दरवाढीने कशीबशी भरून काढतात. ड्रम कोअरने तिसराच मार्ग काढला. कलावंताचे वेतन शून्यावर तर होतेच, त्याने ते शून्याच्याही खाली नेले.

याचा हिशेब मांडून पाहावा. आघाडीच्या पथकांचे शुल्क अलीकडच्या वर्षांत चार ते सहा हजार डॉलरांच्या दरम्यान आहे. अमेरिकेतील संघराज्यीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. अनेक राज्यांत ते अधिक असले, तरी या दराने पाच हजार डॉलर मिळवायला सुमारे ६९० तास, म्हणजे आठवड्याला चाळीस तासांच्या हिशेबाने सतरा आठवडे काम करावे लागेल. शिवाय अमेरिकन विद्यार्थी एरवी उन्हाळ्यातच नोकरी करून पुढच्या वर्षाची बेगमी करतो. अकरा आठवड्यांची ती कमाई बुडते. किमान दरानेही ती सुमारे ३,२०० डॉलर भरते. म्हणजे खरी किंमत आठ हजारांच्या पलीकडे. सुखवस्तू कुटुंबाला ती जड गेली, तरी पेलते. ज्याच्या उन्हाळी कमाईवर त्याचे शिक्षण, क्वचित घरही चालते, त्याच्यासाठी दार बंदच राहते. शिष्यवृत्त्या आहेत, मुले घरोघर जाऊन देणग्याही गोळा करतात. परंतु ज्याचे शेजारीपाजारीही त्याच्यासारखेच तंगीत आहेत, त्याने देणग्या मागायच्या कुणाकडे? आणि पथकाच्या चाचणीला पोचण्यासाठी आधी शाळेत वाद्य हाती यावे लागते. ज्या शाळेचा संगीतवर्गच काटकसरीत बंद पडला, तेथील मुलाच्या बाबतीत निवड होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

सभासदांच्या शुल्कावर उभी राहिलेली रचना बळकट असते, असेही नाही. कॅलिफोर्नियातील 'सांता क्लारा व्हॅनगार्ड' या नामांकित पथकाला आर्थिक अडचणींमुळे २०२३ चा हंगाम सोडून द्यावा लागला. ते २०२४ मध्ये परतले. गारफील्डच्या त्या चर्चमधून निघालेले आणि पुढे दहा वेळा अजिंक्यपद मिळवलेले 'कॅडेट्स' पथक मात्र नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना जानेवारी २०२४ मध्ये बंद पडले. त्यामागे पैशाची तंगी होती आणि जुन्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून चाललेला खटलाही होता. त्याआधी २०१८ मध्ये याच पथकाच्या संचालकांना लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांनंतर पद सोडावे लागले होते. येथे अर्थकारणाचा आणि सुरक्षिततेचा संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. बाजारात पैसे मोजणाऱ्याचा शब्द चालतो, असे म्हणतात. या व्यवहारात पैसे मोजणारा एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी सर्वांत दुबळी असते. जागा मिळवायला वर्षानुवर्षे घालवलेली, घरापासून दूर असलेली, आणि तक्रार केली तर उन्हाळा आणि पैसा दोन्ही गमावण्याच्या धास्तीत असलेली. ज्या रचनेत कामगाराचे हक्क नाहीत आणि ग्राहकाचेही नाहीत, तेथे बाहेरच्या समाजाची नजर हाच आधार उरतो. गावोगावच्या शाखा आणि चर्च मागे हटले, तेव्हा त्यांच्या पैशाबरोबर ही नजरही सैल झाली असली पाहिजे. अर्थात जुन्या आश्रयदात्यांच्या काळात सर्व आलबेल होते, असे कुणी म्हणणार नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे पुण्याची ढोल-ताशा पथके आठवल्यावाचून राहणार नाहीत. ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांच्या पथकांनी शहरी विद्यार्थ्याच्या हाती ढोल दिला, आणि आज गणेशोत्सवापूर्वी महिना-दीड महिना नदीपात्र संध्याकाळी त्या नादाने भरून जाते. अमेरिकेतील मराठी मंडळींनीही आता आपली पथके उभारली आहेत. येथेही वादक मोबदला घेत नाही. परंतु तो नोकरी किंवा कॉलेज आटोपून संध्याकाळी येतो आणि रात्री आपल्या घरी झोपतो. मंडळांकडून मिळणाऱ्या सुपारीतून पथकाचा बराच खर्च निघतो, आणि पुष्कळ पथके उरलेली रक्कम समाजकार्याला देतात. कारकुनाचा मुलगा किंवा शिक्षिकेची मुलगी कर्ज न काढता ढोल बांधू शकते, याचे कारण ढोलाचा खर्च अजून वस्ती उचलते. मात्र आपल्याकडे या नाण्याला आणखी एक बाजू आहे. हलगी, संबळ आणि डफ ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजवले, त्यांना त्यापोटी तुटपुंजी बिदागी आणि वर हीन दर्जा मिळाला. हौसेने वाजवणाऱ्याचे कौतुक आणि पोटासाठी वाजवणाऱ्याची उपेक्षा, हा अन्याय पैशाच्या हिशेबात दिसत नाही म्हणून तो कमी ठरत नाही.

अमेरिकेतील पथकांपुढचा मार्ग त्यांच्या रोजच्या फिरतीतच सापडण्यासारखा आहे. व्यायामशाळेची जमीन, सरावाचे मैदान, वाढपी म्हणून राबणारे पालक, हे सारे आजही समाजच देतो. आणि त्यावाचून ही फिरती एक दिवसही चालणार नाही. ज्या गावातील शाळा पथकाला रात्रीचा आसरा देते, त्याच गावातील दोन गरजू मुलांना विनाशुल्क शिकवण्याची अट घालणे अशक्य नाही. प्रवासाचे मैल कमी करून विभागवार स्पर्धा वाढवल्या, तर इंधनाचा पैसा शिष्यवृत्तीकडे वळेल. मैदानावरच्या यांत्रिक झगमगाटाला मर्यादा घालून लहान पथकांना पुन्हा उभे राहता येईल. आणि सभासदांची तक्रार ऐकणारी व्यवस्था पथकाच्या चालकांपासून खरोखर स्वतंत्र हवी. त्यामुळे वादनाची सफाई किंचित उणावली, तर उणावो.

पाच बेसवाले एक ओळ वाटून घेतात, तेव्हा त्यांतील एकाची जागा रिकामी राहिली, तर नुसता एक आघात कमी होत नाही, सारी ओळच मोडते. ज्या मुलाला शुल्क परवडले नाही, त्याची रिकामी जागा मात्र कुणाला ऐकू येत नाही, कारण तेथे दुसरा कुणी ऐपतीचा उभा असतो. ती जागा मोजण्याचे काम परीक्षकाचे नव्हे, समाजाचे आहे.